बिल नसलेली बॅग

ती बॅग खरी होती का खोटी, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. आता कळून उपयोगही नाही. पण ज्या दिवशी ती आमच्या घरात आली त्या दिवसापासून ती मला खटकत होती, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगते. घरातले म्हणतात, तुला काय, तुला उगवत्या सूर्याचाही संशय येतो. येतो! हुमनाबादला बसस्टँडच्या मागं इतकी वर्षं मॅचिंग सेंटर चालवणाऱ्या बाईला संशय येणार नाही तर कुणाला येणार? सुती म्हणून आलेलं अस्तर पहिल्या धुण्यात रंग सोडतं. फॉलचा गठ्ठा सोडला की मधले निघतात वीतभर आखूड. "आत्ता घरी दाखवून येते" म्हणून ब्लाऊजपीस नेलेली बाई पुढच्या दिवाळीला उगवते. असल्या धंद्यात भोळं राहून चालत नाही. भोळे आमचे मालक आहेत, तेवढे पुरेत.

मुलगी आमची कलबुर्गीला एका खासगी कॉलेजात शिकवते. रोज सकाळी बसनं जाते, संध्याकाळी येते. स्थळं बघून बघून आम्ही दमलो होतो. हिला मुलगा पटला तर घर पटायचं नाही, घर पटलं तर मुलगा बोलायचा नाही. शेवटी हे एक जमलं. मुलगा कलबुर्गीचा, नोकरी हैदराबादेत, मोठ्या कंपनीत. घर आमच्यातलंच, लिंगायत, मराठी-कन्नड दोन्ही बोलणारं. मुलगा गोरागोमटा, हसरा. इतका हसरा की मला तिथंच खटकलं. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला हसून "व्हय मावशी" म्हणायचा. सगळ्यालाच व्हय म्हणणाऱ्या माणसाचं नक्की काय असतं, देव जाणे.

साखरपुडा आमच्याकडं झाला, हायवेच्या कडेच्या कार्यालयात. साड्या झाल्या, फळं झाली, अंगठ्या झाल्या. मग हा मुलगा स्वतः उठला आणि एक चॉकलेटी खोका घेऊन आला. वर सॅटिनची रिबन. खोक्यात पांढऱ्या कापडाची पिशवी, पिशवीत बॅग, बॅगेत कुरकुरीत कागद कोंबलेला आणि एक जाड कार्ड. बायकांनी "अगं माय!" केलं. बॅग तपकिरी, लहानशी, धरायला दोन बंद, पुढं पितळी बकल. माझी मुलगी लाजली. मी तिला लाजताना बघितलेलं मला आठवतच नव्हतं. खरं सांगते, त्या क्षणी मलाही बरं वाटलं.

तेवढ्यात मुलाचे मामा आमच्या मालकांच्या कानाशी वाकले. हे मामा म्हणजे या लग्नातलं सगळं बोलणारं तोंड. म्हणाले, "अण्णा, तीन लाखाला पडलीय. फॉरेनची, असली चामड्याची. कुठं बोलू नका."

कुठं बोलू नका म्हणणाऱ्या या गृहस्थानं जेवणं होईपर्यंत अर्ध्या कार्यालयाला सांगितलं. तीन लाख, तीन लाख. फक्त विहीणबाई जिकडं बसल्या होत्या तिकडं तो फिरकला नाही. हे मी बघितलं होतं. पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

मी घरी येऊन पहिला प्रश्न विचारला, "बिल कुठंय?"

"आई!" मुलगी कडाडली. "गिफ्टचं बिल कोण देतंय का? कामून असं करायलीस?"

"तीन लाखाची वस्तू बिलाशिवाय घरात ठेवायची व्हय? उद्या शिवण उसवली तर कुणाकडं जायचं?"

मालक बॅगेकडं बघत खाटेवर बसले होते. म्हणाले, "तीन लाख. एवढ्यात आपलं दुकान दोनदा भरलं असतं गं." त्यांच्या आवाजात कौतुक होतं. मी मात्र हिशेब मांडायला लागले. ज्या माणसाला तीन लाखाची बॅग परवडते तो आमच्या घरात कशाला आला, आणि ज्याला परवडत नाही त्यानं ती आणली कुठनं? दोन्हीकडनं विचार केला तरी मला चैन पडेना.

दुसरंही एक होतं. त्यासाठी मला विहीणबाईंबद्दल सांगायला पाहिजे.

मुलाकडं आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हाची गोष्ट. कलबुर्गीला जुन्या पेठेत घर आहे त्यांचं. आम्ही उंबऱ्याशी पोचलो आणि विहीणबाई आतनं म्हणाल्या, "दादा, राग मानू नका. पट्टा आन् पाकीट बाहेर ठेवा." आम्हाला कळेना. मग कळलं, त्या घरात चामडं चालत नाही. चपला तर सोडाच, पट्टा नाही, पाकीट नाही, घड्याळाचा पट्टासुद्धा नाही. आमच्यातही लिंगपूजेच्या जागी चामडं नेत नाहीत, पण एवढं कडक आता कोण पाळतं? या बाई पाळतात. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, रोज पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. चामड्याला हात लागला तर हातपाय धुऊन पुन्हा पूजेला बसतात. त्यांचे मालक कमरेला करदोड्यावर धोतर नेसतात, त्यांना काय त्रास? त्रास आमच्या मालकांना. पट्टा बाहेरच्या खुंटीला अडकवून ते आत आले आणि पोहे खाताना, चहा पिताना, मुलाची पत्रिका बघताना एक हात पँटीला. नमस्कार करायला उठले तेव्हा माझा जीव नुसता टांगणीला. बाहेर आल्यावर मी इतकी हसले, इतकी हसले की रिक्षावाला वळून बघायला लागला.

पण बाई मला आवडली. जे आहे ते तोंडावर बोलणारी. माझ्या जातीची.

तर मग या बाईच्या घरनं चामड्याची बॅग कशी आली? हे मी मुलीला विचारलंच. तिच्याकडं उत्तर तयार होतं, आणि ते सांगताना तिचे डोळे चमकत होते. "आई, त्यांनी आत्याबाईंना समजावलंय. सरळ सांगितलं, की आई, तुझं तू पाळ, पण माझ्या बायकोवर लादू नको. आत्याबाई आधी रडल्या म्हणं, मग व्हय म्हणल्या. माझ्यासाठी ते आईपुढं उभं राहिले. बॅग किती लाखाची हाय त्याचं मला काय करायचंय?"

तिनं त्या बॅगेत पैसा बघितलाच नव्हता. आपल्या बाजूनं उभा राहणारा माणूस बघितला होता. आणि तसा माणूस खरंच असेल तर मी कोण विटाळ करणारी? पण मनात आलंच. रोज लिंगाला पाणी घालणारी ती बाई, तिचा पोरगा दोन वाक्यांत समजावतो? मी या पोरीला इतक्या वर्षांत छत्री न्यायला समजावू शकले नाही.

मी बॅग हुंगून बघितली. वास येत होता, पण कशाचा ते कळेना. कापड असतं तर बोटांत धरून सांगितलं असतं, चामड्यातलं मला काय कळतंय? टाके सरळ होते. आतलं अस्तर बरं होतं, पण एवढं अस्तर मी मीटरवर विकते. शेजारच्या बायका बघायला यायच्या आणि दारातच चपला सोडून पदराला हात पुसून बॅगेला हात लावायच्या. एक म्हणाली खरी आहे, एक म्हणाली हैदराबादेत चारमिनारला असल्या ढिगानं मिळतात. त्या दुसरीला मी पुन्हा चहा दिला.

शेवटी राहवलं नाही. मुलगी अंघोळीला गेलेली बघून मी बॅगेचा मोबाइलवर फोटो काढला आणि बसस्टँडवरच्या बॅगवाल्या चाचांना दाखवला. ते शाळेची दप्तरं, सुटकेसी विकतात. त्यांनी फोटो मोठा करून बघितला, मोबाइल परत दिला. "अम्मा, अब तो नकली बी ऐसी आरी कि असली शरमा जाए. मैं कुछ बी बोला तो आप मानते क्या?"

नसतं मानलं. खोटं कशाला बोलू.

बॅग खरी असो की खोटी, कामाची मात्र बिलकूल नव्हती. मुलीची जुनी बॅग कलबुर्गीच्या बाजारातली, चारशे रुपयांची. काळी, ढगळ, पण तिच्यात डबा उभा राहायचा, बाटलीला बाहेर कप्पा, छत्री, पेपरांचा गठ्ठा, वर आणखी येताना भाजी. बंद तुटले की मोच्याकडनं टाके घालून आणायची. या नव्या राणीला चेन नव्हती, नुसतं चुंबकाचं बटण. डबा आडवा ठेवावा लागे. पहिल्याच आठवड्यात आमटी गळाली आणि मुलगी पांढरीफटक पडली. अस्तर पुसून पुसून बोटं लाल. त्या दिवसापासनं डबा बंद! कँटीनमधला भात खाऊन पोट बिघडलं तरी चालेल, बॅगेला डाग नको.

आणि बसमध्ये काय हाल. बायकांना बस फुकट झाल्यापासनं आमच्या कलबुर्गी बसला पाय ठेवायला जागा नसते. ही उभी, बॅग छातीशी धरून, दुसऱ्या हातानं दांडा. खाली ठेवायची सोय नाही, वरच्या फळीवर ठेवायची हिंमत नाही. कुणाच्या टोपलीतली कोथिंबीर घासली तरी ही दचकायची. पावसाचे दिवस आले तसं तिनं बॅग आमच्याच दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायला सुरुवात केली. तीन लाखाची बॅग, आणि वर "ब्लाऊजपीस, फॉल, अस्तर योग्य दरात मिळेल".

मी हसले तर म्हणायची, "हस. तुला कुणाचं चांगलं बघवतंय का?"

असं बोलली की लागायचं. मला तिचं चांगलं बघवत नाही? मला फक्त ते उलटं करून शिवण बघायची होती.

आषाढ संपता संपता मामा आले. एकटेच. चहा झाला, पाऊस झाला, तुरीच्या पेरण्या झाल्या. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "अण्णा, मागायची आमची रीत न्हाई. पण पोरानं होणाऱ्या बायकोच्या हातात तीन लाखाची वस्तू दिली. आता लोक बघायलेत तुमच्याकडं. पोराला शोभंल असं काय तर तुमच्याकडनं आलं पाहिजे का न्हाई? हैदराबादेत चारचाकीबिगर कुणी विचारत न्हाई."

आमच्याकडं आहेराला आहेर हा नियमच आहे. कुणी साडी नेसवली तर तिच्या तोलाची परत नेसवायची, कमी पडली तर वर्षानुवर्षं ऐकून घ्यायचं. मामांनी बरोबर तिथंच बोट ठेवलं होतं. आमचे मालक मान डोलवायला लागले. हायवेच्या कडेला आमचा एक प्लॉट आहे, दुकान तिकडं न्यायचं म्हणून ठेवलेला. मामा गेल्यावर म्हणाले, "प्लॉट काढू. पोरीच्या सुखापुढं दुकान काय घेऊन बसलीस?"

"मामा बोलले, पोरगा बोलला का?" मी विचारलं.

मुलीनं त्याला फोनवर विचारलं. तो म्हणाला म्हणे, मला काही नको, मामाचं ते जुनं वळण आहे, पण आता मोठ्यांना नाही कसं म्हणायचं. बघा! आईला चामड्यासाठी नाही म्हणणारा शूर, मामाला गाडीसाठी नाही म्हणू शकत नव्हता. मी एवढंच बोलले आणि मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती अशी, "आई, हे मोडलं तर मी दुसरं बघणार न्हाई. सांगून ठेवते. तुझ्या संशयापायी मोडलं तर तुला माफ करणार न्हाई."

मी मामांचं नाव काढणं सोडलं. आमच्या मालकांनी प्लॉटचं गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली. मी दुकानात बसून कातर चालवायची आणि प्रत्येक गिऱ्हाइकावर खेकसायची. एकीला म्हणलं, रंग जुळंना तर साडी बदल. पोरीला तोडून बोललं तर पोरगी जाते, न बोललं तरी पोरगी जाते. भीती वाटत होती मला. संशयी माणसाला भीती वाटत नाही असं लोकांना वाटतं. अहो, भीती वाटते म्हणूनच तर संशय येतो.

श्रावणातल्या एका सोमवारी मुलीला सुट्टी होती. मी दुकान मुलीच्या वडलांवर टाकून घरी होते. दुपारी दारात विहीणबाई उभ्या. एकट्या, रबरी चपला, हातात वेताची टोपली, कलबुर्गीहून बसनं आलेल्या. "अक्का, फोन तरी करायचा! आणायला आलो असतो."

"फोन केला की पोरगा म्हणतो, नको जाऊ, नको जाऊ, मी सुट्टीला आलो की जाऊ. म्हणून सांगितलंच न्हाई त्याला," त्या हसून म्हणाल्या. "श्रावणात सुनेची उडी तुंबायची न्हाई तर कधी?"

उडी तुंबणं म्हणजे ओटी भरणं. आमच्याकडं शब्द कन्नडचा, रीत तीच. पोरीला पाटावर बसवलं. त्यांनी कुंकू लावलं, नारळ, तांदूळ, खारीक, खण घातला. मग टोपलीच्या तळातनं एक कागदाची पुडी काढली, कपाळाला लावली. "मठातलं भस्म हाय. स्वामींनी हातानं दिलंय. रोज बसनं जातीस, हे संगट असू दे. तुझी ती बॅग कुठाय? ती आमच्या पोरानं दिलेली?"

मुलगी गोंधळली. मीही. बॅग खाटेवर होती. विहीणबाई उठल्या, बॅग आपल्या हातानं उचलली, मांडीवर घेतली, बटण काढलं. आतल्या कप्प्यात ती भस्माची पुडी नीट ठेवली, वर आपला हात क्षणभर टेकवला. मग पोरीच्या ओटीतला नारळसुद्धा तीत घातला.

पट्टा बाहेर काढायला लावणारी बाई! मी न राहवून म्हणलं, "अक्का, चामडं चालतं व्हय तुम्हाला?"

त्या थांबल्या. "चामडं? शिव शिव! काय बोलायलात हे? पोरानं घ्यायच्या आधीच फोन केला मला. आई, रेक्झिनची हाय, तू हात लाव, पूजेत ठेव, काय काळजी करू नको. चामड्याची असती तर मी घरातनं बाहेर पडू दिली असती का?"

मी मुलीकडं बघितलं नाही. बघवलंच नाही मला. ती पाटावरनं उठली, विहीणबाईंच्या पाया पडली, चहा ठेवायला आत गेली. चहा फार गोड झाला होता. विहीणबाईंनी पावसाचं विचारलं, तुरीचा भाव विचारला, मी काय उत्तरं दिली मला आठवत नाही. चारच्या बसला जायचं म्हणून त्या उठल्या. सोडायला येते म्हणलं तर "दोन पावलांवर तर स्टँड हाय" म्हणून निघाल्यासुद्धा.

त्यांनी कोपरा ओलांडला आणि मुलीनं फोन लावला. स्पीकरवर. मी नको म्हणत होते का हो म्हणत होते, माझं मलाच कळत नव्हतं. महिनोन् महिने ज्या गोष्टीची वाट बघितली ती समोर आली होती, आणि माझ्या मनात एकच चाललं होतं: देवा, मी खोटी ठरू दे.

"एक विचारू?" ती म्हणाली. "बॅग चामड्याची हाय का रेक्झिनची?"

तिकडनं हसणं. "हे काय मधीच?"

"सांगा की."

मग तो म्हणाला, "तुझ्याजवळ कोण हाय?"

गेलं! साध्या प्रश्नाला साधं उत्तर असलेला माणूस आधी कोण ऐकतंय ते विचारत नाही.

"आई हाय. आन् तुमच्या आई येऊन गेल्या. त्या रेक्झिन म्हणल्या."

"अगं, तिला तसंच सांगावं लागतं. चामडं म्हणलं असतं तर तिनं साखरपुडाच मोडला असता. तुला खोटं सांगंन का मी? असली हाय. तुझी शपथ."

"तुम्ही तर म्हणला होतात, त्यांना समजावलंय. त्या रडल्या, मग व्हय म्हणल्या."

"असंच समजावायचं असतं, वेडे. तिला तिचं समाधान, तुला तुझं."

मुलगी खाली बसली. आवाज मात्र तसाच. "त्यांनी आत्ता मठातलं भस्म त्यात ठेवलं. आपल्या हातानं."

"मग काय झालं? तिला कुठं कळलंय?"

तिनं फोन बंद केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला तर झटकला नाही, एवढंच. मग उठली. बॅगेतनं भस्माची पुडी काढली, नारळ काढला, पाटावरचा खण, तांदूळ उचलले, सगळं ओढणीत घेतलं आणि ओढणीचं टोक मुठीत धरून दाराकडं निघाली. बॅग खाटेवर आ वासून पडलेली. ती पुढं मामा येऊन घेऊन गेले, खोक्यासकट, कुरकुरीत कागदासकट. चहासुद्धा घेतला नाही.

"अगं, कुठं चाललीस? उडी परत देत न्हाईत!" मी ओरडले. घेतलेली उडी परत करणं म्हणजे नातंच परत करणं. तसं आमच्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल. ती ऐकेना. मी चपला न घालता तिच्या मागं.

विहीणबाई स्टँडवर बाकावर बसल्या होत्या, रिकामी टोपली मांडीवर. मुलगी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. ओढणी उघडली. "आत्याबाई, ती बॅग चामड्याची हाय म्हणून ते आत्ता फोनवर म्हणले. शपथ घेऊन. तुम्हाला रेक्झिन सांगितलं, मला चामडं. मला ठाऊक न्हाई कुठलं खरं. पण तुमचं भस्म मला त्यात ठेवता आलं न्हाई."

मी कंबर कसून उभी होते. आता ही बाई ओरडणार, माझ्या पोराला नावं ठेवायलीस का म्हणणार. कुठलीही आई म्हणेल. मी उत्तरसुद्धा जुळवून ठेवलं होतं. पण त्या ओरडल्या नाहीत. "तू खोटं बोलायलीस" म्हणल्या नाहीत. "नीट ऐकलीस का?" एवढंही विचारलं नाही. त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं. टोपली बाकावर ठेवली, स्टँडच्या नळाशी गेल्या आणि कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा धुतले. चूळ भरली. बॅग मांडीवर घेतली होती तिथं लुगड्यावर पाणी शिंपडलं. माणसं बघत होती. हात पदराला न पुसता तसेच ओले धरून त्या परत आल्या.

"लहानपणापासनं असाच हाय," त्या हळू म्हणाल्या. "बापाला एक सांगायचा, मला एक. दोघंबी खूश. मला वाटलं होतं, तू घरात आलीस की सुधारंल."

माझं डोकं सणकलं. "अक्का, आमची पोरगी काय औषध हाय व्हय त्याला पाजायला? ठाऊक होतं तर सांगायचं न्हाई?"

"सांगायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. वाद घातला नाही. पदर पसरला. "टाक हितं, बाई."

मुलीनं नारळ टाकला, खण टाकला, ओंजळीनं तांदूळ टाकले. भस्माची पुडी टाकायला लागली, तर विहीणबाईंनी तेवढी पुडी परत तिच्या मुठीत दाबली. "हे तुझंच. ह्याचा आन् त्याचा काय संबंध न्हाई."

कलबुर्गीची बस लागली. बायकांची ही झुंबड. विहीणबाई पदर सावरत उठल्या आणि मुलीच्या गालाला ओला हात लावून म्हणाल्या, "तू सुटलीस, पोरी. तुला दुसरं घर भेटंल. मला दुसरा लेक कुठनं भेटायचाय?"

त्या चढल्या. आत जागा नव्हती, दोन बायकांच्या मधे दांडा धरून उभ्या राहिल्या, दुसऱ्या हातानं पदरातला नारळ सांभाळत. कंडक्टरनं त्यांच्या हातावर फुकटचं तिकीट ठेवलं आणि बस हायवेला लागली.